झीटा रेटिक्युलीचा नकाशा नेमका कशाशी जुळला?

परग्रहवासीयांवरच्या चित्रफितींतून एक दावा वर्षानुवर्षे फिरत आहे. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात बेटी आणि बार्नी हिल या दांपत्याला परग्रहवासीयांनी यानात नेले, तेथे बेटीला ताऱ्यांचा नकाशा दाखवला, आणि तिने स्मरणातून काढलेला तो नकाशा पुढे झीटा रेटिक्युली या जोडताऱ्याच्या परिसराशी हुबेहूब जुळला, असे त्यात सांगितले जाते. हे तारे तेव्हा शास्त्रज्ञांनाही ठाऊक नव्हते, अशी पुस्तीही जोडलेली असते. हिल दांपत्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. तपासायचे आहे ते नकाशाच्या जोरावर उभे केलेले अनुमान.

तारे अज्ञात होते, हे विधान सरळ चुकीचे आहे. सुमारे ३९ प्रकाशवर्षांवरच्या या जोडीतील ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या प्रती (आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक) ५.२ आणि ५.५ आहेत, म्हणजे दक्षिण गोलार्धातील काळोख्या आकाशात ते नुसत्या डोळ्यांनाही अंधूक दिसतात. (मुंबईहून ते क्षितिजाच्या वर जेमतेम साडेआठ अंश येतात, आणि तेथल्या धुरकट हवेत पाचव्या प्रतीचा तारा दिसण्याची आशा करू नये.) लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७५१ ते १७५३ या काळात केप ऑफ गुड होपहून दक्षिण आकाशातील हजारो ताऱ्यांची नोंद केली आणि झीटा रेटिक्युली ज्यात आहे तो रेटिक्युलम हा तारकासमूह रूढ केला. १९६९ हे साल या कथेत येते ते निराळ्या कारणाने: त्या वर्षी खगोलशास्त्रज्ञ ग्लीजे यांच्या सूर्याजवळील ताऱ्यांच्या सूचीची सुधारित आवृत्ती निघाली आणि जुळणीसाठी ती वापरली गेली. अंतरांचे आकडे सुधारले, याचा अर्थ तारे तेव्हा सापडले असा होत नाही.

नकाशा यानातून उतरल्याबरोबर काढला गेला, असाही अनेकांचा समज असतो. वस्तुतः बेटीने तो १९६४ मध्ये, बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. बेंजामिन सायमन यांच्या संमोहन उपचारांच्या काळात, म्हणजे घटनेनंतर तीनएक वर्षांनी काढला. घटनेनंतर काही आठवड्यांतच तिने आपल्याला पडलेली स्वप्ने लिहून ठेवली होती, आणि अपहरणाची हकिगत त्या स्वप्नांतूनच घडली असावी, असे स्वतः सायमन यांचे मत होते. दावा पसरवणारे संमोहनाचा दाखला आवर्जून देतात. ते करणाऱ्या डॉक्टरांचा निष्कर्ष मात्र गाळतात.

आता मुख्य मुद्दा, जुळणीचा. ती केली ओहायोतील शिक्षिका आणि हौशी खगोलअभ्यासक मार्जोरी फिश यांनी. दोऱ्यांना मणी टांगून त्यांनी सूर्याच्या परिसराची त्रिमित प्रतिकृती उभारली आणि निरनिराळ्या बाजूंनी पाहत बेटीच्या चित्रासारखी रचना शोधली. या चिकाटीचे कौतुक वाटावे. पण पद्धत पाहिली की निष्कर्षातली हवा निघून जाते. सूर्य नकाशात असलाच पाहिजे, प्रवासी सूर्यासारख्याच ताऱ्यांकडे जातील, अशी गृहीतके आधीच धरलेली होती. सूर्याच्या शेजारचे बहुसंख्य तारे लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि मंद तारे, आहेत, आणि नेमके तेच वगळण्यात आले. उरलेल्यांतून कोणते तारे घ्यायचे आणि अवकाशातील कोणत्या बिंदूवरून पाहायचे, याचेही स्वातंत्र्य होते, आणि इतकी मोकळीक असताना ठिपक्यांच्या एखाद्या पुंजक्याशी साम्य न सापडते तरच नवल. १९७४ च्या डिसेंबरमध्ये ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ मासिकातील लेखाने ही जुळणी गाजवल्यावर कार्ल सेगन आणि स्टीव्हन सोटर या खगोलशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, दोन्ही आकृत्यांतील ठिपके जोडणाऱ्या रेषा पुसल्या की साम्य जवळजवळ उरतच नाही. त्या रेषा आकाशात नाहीत. बेटीच्या चित्रातील रेषांसारख्या त्या ताऱ्यांमध्ये ओढलेल्या आहेत.

शिवाय हेच चित्र याआधीही एकदा ‘जुळले’ होते. १९६५ मध्ये वृत्तपत्रात सीटीए-१०२ या, रेडिओ लहरी सोडणाऱ्या अवकाशातील स्रोताच्या बातमीसोबत महाश्व तारकासमूहाचा नकाशा छापून आला, तेव्हा खुद्द बेटीलाच त्यात आपल्या नकाशाचे साम्य दिसले. पुढे काहींनी ते सूर्यमालेतील ग्रह आणि लघुग्रहांशीही जुळवले. जे चित्र तीन वेगळ्या ठिकाणी बसते, ते त्यांपैकी कोणत्याही एकाचा पुरावा कसे ठरेल?

१९९७ मध्ये हिप्पार्कस उपग्रहाने घेतलेली ताऱ्यांच्या अंतरांची अचूक मापने प्रसिद्ध झाल्यावर फिश यांच्या निवडीतील काही तारे मानले होते त्याहून दूर निघाले, तर काही त्यांच्याच निकषांत न बसणारे ठरले. नव्या माहितीनंतर ही जुळणी संभवनीय वाटत नाही, असे फिश यांनी स्वतः जाहीर केले. एवढा मोकळेपणा या क्षेत्रात विरळा. दुर्दैवाने त्यांची १९७४ ची जुळणीच अजून फिरते आहे.

शेवटचा आधार ग्रहांचा. १९९६ मध्ये या जोडीतील झीटा-२ या ताऱ्याभोवती ग्रह सापडल्याची घोषणा झाली खरी, पण ताऱ्याच्याच स्पंदनांमुळे तसे भासल्याचे ध्यानात येऊन ती लगेच मागे घेण्यात आली. नंतर हर्शेल या अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमांवरून या ताऱ्याभोवती धुळीची तबकडी असल्याचे मानले गेले. चिलीतील अल्मा दुर्बिणीच्या निरीक्षणांनंतर तो प्रकाश पार्श्वभूमीवरील दीर्घिकांचा असावा, अशी शंका संशोधकांनी मांडली. दोन्ही ताऱ्यांपैकी एकाभोवतीही आजवर ग्रहाची खात्री झालेली नाही.