आधी आग्रहाने भरवायचं, मग चारचौघांत टोचायचं

आज एका घरगुती कार्यक्रमात एका बाईंनी नऊ वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर "अगं, किती सुटलीयस!" म्हटलं, आणि पाचच मिनिटांत तिच्या ताटात पुन्हा गोड वाढलं. ती "नको" म्हणाली तर बाईंचा चेहरा पडला. माझं डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे.

माझी मामेबहीण अशीच वाढली. रडली की खाऊ, शहाण्यासारखी वागली की खाऊ. ताट चाटूनपुसून साफ केल्याशिवाय उठायचं नाही. पोट भरलंय हे तान्ह्या बाळालासुद्धा कळतं हो, ते तोंड फिरवतं! आपण समोर मोबाइल धरून आणखी चार घास कोंबतो. मग ती अकराची झाली आणि घराला अचानक साक्षात्कार झाला की पोरगी जाड आहे. तिच्या एकटीच्या ताटात उकडलेलं, शेजारी भावाच्या ताटात सगळं. तो बारीक ना, त्याला चालतं! ती कपाटामागे उभी राहून चोरून खायची. मी पाहिलंय. सापडली की "हावरट".

अकरा वर्षांचं मूल घरात काय शिजवायचं ते ठरवतं का? बाजारहाट करतं का? मग शिक्षा त्यालाच का?

आता कुणीतरी आनुवंशिकता काढणारच. बरं, मान्य. १९८६ मध्ये डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांवरचा अभ्यास आला, त्यात वजन जन्मदात्यांच्या वळणावर गेलेलं दिसलं, सांभाळणाऱ्यांच्या नाही. पण मग तर टोमणे मारायचा हक्क आणखीच संपला! आणि जगभरात ५ ते १९ वयातली जादा वजनाची मुलं १९९० मध्ये ८ टक्के होती, ती २०२२ मध्ये २० टक्के झाली. एवढ्यात काय माणसाची जनुकं बदलली? जेवायच्या-झोपायच्या वेळा बदलल्या, खेळणं गेलं. शाळकरी मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, आणि आपल्या घरात रात्री अकराला सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मामी दुष्ट नव्हती. तिचं स्वतःचं वजन जास्त होतं, लोक तिलाही बोलायचे, आणि लेकीच्या वाट्याला ते येऊ नये म्हणूनच तिची सगळी धडपड. दिवसभर राबून आलेल्या आईबापाला खाऊ देणं हाच प्रेमाचा सोपा मार्ग उरतो, तेही कळतं मला.

तरीही, काळजी वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा. ते उंची-वजनाचा तक्ता बघतील. वाढत्या वयात बऱ्याचदा वजन उतरवायचंही नसतं, ते आहे तिथे ठेवून उंची वाढू द्यायची असते. पाहुण्यांसमोर काट्यावर उभं करायची गरज नाही. आणि जेवण बदलायचं तर सगळ्या घराचं बदला. मामीला ते जमलं असतं, रांधणारी तीच होती. पण मामाला ताटात बदल खपला नसता, आणि त्याला विचारायची हिंमत त्या घरात कुणीच केली नाही. पोरीला बोलणं सोपं होतं.