सोमवारी किमो, त्याआधीचे पाच दिवस : गावच्या ग्रुपवरच्या एका मेसेजला उत्तर

भजनी मंडळाच्या ग्रुपसकट आमच्या गावच्या तीन ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : कॅन्सर झालेल्या जवान पोरांना ‘आधी वीर्य गोठवून ठेवा’ म्हणून सांगतात, तो लुटीचा धंदा आहे. किमो संपली की सहा महिन्यांत सगळं आपोआप पूर्ववत होतं. गोठवण्याच्या नादात उपचार लांबतो आणि आजार पसरतो. गोठवलेल्या वीर्याची लेकरं रोगट निपजतात. खर्च लाखांत. आणि बिनलग्नाच्या पोराने हे केलं तर सोयरीक जुळत नाही.

मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागातून पेशंटला नागपूरला नेणं, योजनेचे कागद लावणं, रक्ताची सोय पाहणं, एवढंच माझं काम. पण या कामात बायोप्सीचा रिपोर्ट आणि पहिली सलाईन यांच्यामधले चार-पाच दिवस मी फार जवळून पाहतो. हा निर्णय त्याच दिवसांत घ्यावा लागतो, आणि मेसेज नेमका तेव्हाच घरात येऊन बसलेला असतो.

‘आपोआप पूर्ववत होतं’ यात थोडं खरं आहे, म्हणून आधी तेच घेतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. किमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते, त्यात तयार होत असलेले शुक्राणूही जातात. ज्या मूळ पेशींपासून ते बनतात त्या जगल्या तर काम पुन्हा सुरू होतं. त्याच मेल्या तर होत नाही. जगतील की नाही हे ठरतं औषधावर आणि डोसवर. हॉजकिन लिम्फोमाच्या (हा लसीकाग्रंथींचा, म्हणजे मानेत-काखेत गाठी येणारा कॅन्सर) ‘एबीव्हीडी’ नावाच्या किमोनंतर बहुतेकांचे शुक्राणू वर्ष-दोन वर्षांत परत येतात. त्याच आजाराला प्रोकार्बाझीन असलेली किमो द्यावी लागली, तर अनेकांचे कधीच येत नाहीत. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, बुसल्फान यांचं तसंच, डोस चढला की धोका चढला. बोन मॅरो बदलण्याआधी सगळ्या अंगाला रेडिएशन दिलं तर आशा फार थोडी. गुदाशयाच्या कॅन्सरला ओटीपोटावर दिलेल्या रेडिएशनची झळ वृषणांपर्यंत पोचते. मेसेजमधले ‘सहा महिने’ कुठून आले, कोण जाणे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रत्येकाला गोठवण्याची गरज नसते. आमच्याकडे खर्ऱ्यापायी, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणापायी, तोंडाचा कॅन्सर घरोघर. त्यात नुसतं ऑपरेशन झालं, किंवा फक्त तोंड-मानेला रेडिएशन मिळालं, तर खाली फारसा धक्का लागत नाही. सोबत सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध असेल तर किती डोस होणार हे विचारावं. (खर्रा घोटून देणारा पानठेलेवाला हा मेसेज पुढे पाठवताना मी स्वतः पाहिला आहे. असो.)

उपचार लांबतो म्हणे. मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो. चोवीस वर्षांचा पोट्टा, मानेत गाठी, बुधवारी रिपोर्ट आला, सोमवारी पहिली किमो ठरली. डॉक्टरीणबाईंनी एकदाच विचारलं, पुढे मुलं हवीत का, वीर्य साठवायचं का? बाप म्हणाला, “पयले पोराचा जीव वाचवा मॅडम, बाकीचं मंग पाहू.” पोरगा खाली मान घालून उभा. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, “भाऊ, मले पाह्यजे होतं, पन बाबासमोर कसं बोलू?” गुरुवारी रक्ताच्या तपासण्या झाल्या, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी वगैरे, त्या साठवण्याआधी लागतातच. गुरुवारीच एक नमुना दिला, शनिवारी दुसरा. किमो सोमवारीच लागली.

दोन-तीन दिवस अंतर ठेवून नमुने दिले तर बरं, पण तेवढाही वेळ नसेल तर लागोपाठच्या दिवशी देता येतात, किंवा एकच देता येतो. तीव्र ल्युकेमियात (झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये) डॉक्टर खरंच थांबू देत नाहीत, तिथे एका नमुन्यावर भागवावं लागतं. हॉजकिन आणि वृषणाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळांचे शुक्राणू उपचाराआधीच कमी झालेले असतात. तरी ‘कमी आहेत, मग कशाला’ म्हणून परत फिरू नये. इक्सी नावाच्या पद्धतीत लॅबमध्ये शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडतात, त्यामुळे एका स्त्रीबीजाला एकच शुक्राणू पुरतो. त्या पद्धतीने पहिलं बाळ १९९२ साली जन्मलं. अशक्तपणामुळे किंवा लाजेने नमुना देता आला नाही, तर वृषणातून सुईने किंवा छोट्या ऑपरेशनने शुक्राणू काढता येतात. घरून डबीत घालून न्यायची सोय मात्र आपल्याला नाही. नमुना साधारण तासाभरात लॅबमध्ये लागतो, आणि यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. तिथेच जावं लागतं.

वयात न आलेल्या पोरांचं वेगळं आहे. त्यांच्यात शुक्राणूच तयार झालेले नसतात, आणि वृषणाचा तुकडा गोठवण्याचं काम अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. तेरा-चौदाच्या पोराला मात्र विचारावं, आणि आई-बाप खोलीबाहेर असताना विचारावं.

आता ‘रोगट लेकरं’. इथे मेसेजने दोन गोष्टींची गल्लत केली आहे. किमो चालू असताना आणि संपल्यावर काही काळ अंगात जे शुक्राणू असतात, त्यांच्या डीएनएला इजा झालेली असू शकते. म्हणून उपचारात आणि त्यानंतर निदान वर्षभर तरी मूल राहू देऊ नका, कंडोम वापरा, असं डॉक्टर सांगतात. गोठवलेलं वीर्य त्याच्या आधीचं असतं, किमोने त्याला हातही लावलेला नसतो. ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सियसला राहतं. तिथे काळ जणू थांबतो, वीस वर्षांहून जुन्या नमुन्यांपासूनही निरोगी मुलं झाली आहेत. गोठवून परत वितळवताना बरेच शुक्राणू मरतात, हे खरं. पण उरलेले रोगट नसतात. वीर्यातून लेकराला कॅन्सर ‘लागत’ नाही. काही थोडे कॅन्सर घराण्यात चालत येतात, पण ते गोठवल्याने नव्हे, गोठवलं नसतं तरी आलेच असते. घरची ज्वारी कणगीत राखणाऱ्या गावाला ठेवलेल्या बियाची भीती वाटावी, याचं मला नवल वाटतं.

खर्चाचं : गोठवणं आणि दर वर्षाचं भाडं हजारांत जातं. लाखाची गोष्ट पुढची, मूल हवं तेव्हा आयव्हीएफ-इक्सी, म्हणजे लॅबमध्ये गर्भ तयार करणं, करावं लागलं तर. कास्तकाराच्या घरी हजारही सोपे नाहीत, हे मला कोणी सांगायला नको. कॅन्सरच्या उपचाराला योजना मिळाली म्हणजे हेही त्यातच होईल असं धरून चालू नका, आधी विचारा. आणि वीर्य साठवायला ज्या बँकेत जाल ती २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याखाली नोंदलेली आहे का, तेही विचारा.

राहिली सोयरीक. पोरगा ‘नामर्द’ झाला अशी कुजबुज गावात चालते, तीच या मुद्द्याच्या मुळाशी आहे. शुक्राणू बनवणाऱ्या पेशी आणि पुरुषी हार्मोन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या, दुसऱ्या जास्त चिवट. शुक्राणू शून्य झाले म्हणजे संबंध जमत नाही असं नव्हे. मुलीच्या बापाला काय सांगायचं ते ज्याने-त्याने ठरवावं. पण “मूल होऊ शकतं, ठेवलेलं आहे” एवढं सांगता येणं, हे काहीच सांगता न येण्यापेक्षा वाईट कसं?

बिनलग्नाच्या पोराचा खरा पेच त्या बँकेच्या फॉर्मवर असतो, आणि मेसेजमध्ये त्याचा शब्द नाही. पेशंट दगावला तर नमुन्याचं काय करायचं, असा रकाना असतो. घाईत कुठेही खूण होते. दिल्लीत लिम्फोमाने गेलेल्या एका तरुणाचं २०२० साली किमोआधी गोठवलेलं वीर्य त्याच्या आई-वडिलांना द्यावं, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं कोर्टाची पायरी चढावी लागली. मुंबईच्या एका अविवाहित तरुणाने ‘नष्ट करा’वर सही केली होती. २०२५ मध्ये त्याच्या आईला उच्च न्यायालयात जाऊन नमुना तूर्त जपून ठेवण्याचा आदेश मिळवावा लागला. गेलेल्याच्या वीर्यातून नातवंड असावं की नसावं, यावर माझं मत पक्कं नाही. पण त्या रकान्यावर कोणाची इच्छा उमटली पाहिजे याबद्दल मला शंका नाही. आमच्या पोट्ट्याने तो फॉर्म बापाला वाचून दाखवला, आणि मग खूण स्वतःच्या मनाने केली. कुठे केली, ते मी विचारलं नाही.

त्याची किमो संपून आता दहा महिने झाले. वर्ष पुरं झालं की वीर्यतपासणी करायची आहे. आकडा चांगला आला तर पुढच्या साली भाडं भरायचं नाही, असं बाप म्हणतो. पोरगा म्हणतो, “राहू द्या बाबा अजून दोन साल.” यावर त्यांचं अजून ठरायचं आहे.