काळा रंग अप्रतिम, पण भर उजेडाचं काय?
टीव्हीबद्दलच्या ज्या लेखावर हे लिहितोय, त्यात ओएलईडी टीव्हीला सरळ 'सर्वोत्तम' ठरवलंय. अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहणाऱ्यासाठी ते खरंच आहे. प्रत्येक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा बारीक ठिपका, स्वतः उजळतो, स्वतः विझतो, त्यामुळे रात्रीच्या दृश्यात काळा रंग खरोखर काळा दिसतो. मिनी एलईडीत, म्हणजे पडद्यामागे छोट्या दिव्यांचे गट असलेल्या टीव्हीत, चमकत्या वस्तूभोवती पसरणारं धूसर वलय इथे नसतं. पण पडदाभर पांढरं दृश्य आलं की हाच टीव्ही आपणहून उजेड कमी करतो, हे लेखात यायला हवं होतं. भर दुपारी बर्फावरचे खेळ लावून बघा, लगेच जाणवेल.

शिवाय पिक्सेल इतके झटकन बदलतात, की सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा कॅमेरा सावकाश फिरताना अडखळल्यासारखा वाटतो. मला हे सगळ्यात जास्त खटकतं. मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम तयार करून हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग) अगदी कमी ठेवलं तर बरं पडतं. वाढवलं की सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो.

बर्न-इनची, म्हणजे स्थिर चित्राचा ठसा पडद्यावर कायमचा उमटण्याची, भीती मात्र जरा जास्तच घातली जाते. दिवसभर एकच बातम्यांची वाहिनी चालू असेल तिथे ती रास्त आहे. आवाजासाठी साउंडबार धरूनच चला. गेमिंग करणार असाल तर ४के १२० हर्ट्झ (४के चित्र, सेकंदाला १२० फ्रेम) चालणारे एचडीएमआय पोर्ट, म्हणजे गेम कन्सोल जोडायच्या जागा, किती, ते आधी तपासा. काही मॉडेलमध्ये दोनच असतात.