‘प्रशासकीय कारणास्तव’

सांगलीत एसपी मुदतीआधी हलले की पेपरात ठरलेली ओळ येते, ‘प्रशासकीय कारणास्तव बदली’. ते कारण कोणतं, हे कुणी छापत नाही. हवालदारापासून डीजीपर्यंत (राज्याचे पोलीस महासंचालक) हाच शब्द पुरतो.

याउलट श्रीलंकेत बघा. तिथे ५ ऑगस्ट २०२५ ला पोलीस महानिरीक्षक देशबंधू तेन्नकोन यांना संसदेने १७७ विरुद्ध शून्य मतांनी काढलं. त्याआधी अधिकाऱ्यांना हटवण्याच्या २००२ च्या कायद्याप्रमाणे ठराव झाला, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली तिघांची समिती बसली आणि तिचा अहवाल आला. वेळ लागला, पण कुणी काढलं नि कशासाठी, ते कागदावर आहे. खटकतं ते एवढंच, की छळाच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरात त्यांना दोषी धरलं होतं, तरी दोन महिन्यांनी त्यांना कायम नेमलं गेलं. नेमणाऱ्यांना जाब कुणी विचारला?

आपल्याकडे देशाचा एक पोलीसप्रमुख नाही, राज्याराज्याचे डीजी आहेत. २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंह निकालाने सांगितलं, की यूपीएससीने तीन नावं द्यायची, राज्याने त्यातलं एक निवडायचं, आणि कार्यकाळ किमान दोन वर्षांचा. मध्येच काढायचं तर राज्य सुरक्षा आयोगाशी सल्लामसलत हवी आणि शिस्तभंगाची कारवाई, दोषसिद्धी किंवा असमर्थता असं ठोस कारण हवं. केरळचे हटवलेले पोलीसप्रमुख सेनकुमार याच जोरावर एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून पद परत घेऊन आले.

महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत निवडणूक आयोगाने ४ नोव्हेंबरला रश्मी शुक्ला यांना डीजी पदावरून हटवलं, संजय वर्मा आले आणि निकालानंतर शुक्ला पुन्हा खुर्चीत. काढणं बरोबर होतं की परत आणणं? दोन्ही एकदम बरोबर असू शकत नाही. विधानसभेत यावर मतदान घ्यावं लागेल असा नियमच नाही, म्हणून कुणालाच उत्तर द्यावं लागलं नाही.

खरी फट महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या २२एन कलमात आहे. पहिल्या भागात मुदतीआधीच्या बदलीची कारणं मोजून दिलीत. दुसऱ्या भागात ‘अपवादात्मक प्रकरणी, जनहितार्थ’ असं म्हणून दार सताड उघडं! आयपीएससाठी सक्षम प्राधिकारी मुख्यमंत्री, म्हणजे सही त्यांची. तरी चर्चा ‘गृहखात्याच्या आदेशा’ची होते.

सातारा-सांगलीकरांना करता येण्यासारखं एक काम आहे. माहिती अधिकारात अर्ज टाका. एसपींच्या बदलीचा असेल तर गृह विभाग, मंत्रालय. हवालदाराच्या बदलीचा असेल तर जिल्हा पोलीस कार्यालय. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. इथेच बहुतेकांचा अर्ज फसतो: ‘बदली का केली?’ असं विचारलं, की माहिती अधिकारी हात झटकतो, कारण ‘का’ला उत्तर द्यायला तो बांधील नसतो. त्याऐवजी बदलीच्या फाईलमधल्या टिपणीची, पोलीस आस्थापना मंडळाच्या (बदल्यांची शिफारस करणारं मंडळ) शिफारशीची आणि सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीची साक्षांकित प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारलं तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(२) मधलं जनहित (जनहित मोठं असेल तर माहिती देता येते) अपिलात लिहा. मंजुरीची तारीख आदेशाच्या नंतरची निघाली, तर तो कागद थेट आपल्या आमदारांच्या हातात द्या. प्रश्न विचारायला अधिवेशन असतंच.