जहाज आणायचं, पण ठेवायचं कुठं?

सरांनी मोबाईल वर धरला अन् सुरू झाले. "मुंबईत बांधलेली युद्धनौका, ‘ट्रिंकोमाली’! जमशेटजी बोमनजी वाडियांनी! मलबारचं सागवान, १८१७! अन् आज इंग्लंडात, हार्टलपूलला तिकीट लावून दाखवतात. परत आणलीच पाहिजे." ‘पाहिजे’ म्हणताना सर बाकड्यावर थाप मारतात. चहा सांडला.

"आणा की," मिस्त्री म्हणाले. "ठेवता कुठं? पाण्यात का कोरड्यात?"

"कोरड्यात! म्हणजे कुजायचं कामच नाही."

"कामून? लाकडी जहाज पावसाच्या गोड्या पाण्यानं कुजतं, सर. खाऱ्या पाण्यात भ्या किड्याचं. त्याला बाहेरून तांब्याचा पत्रा ठोकतात. खरं दुखणं वर, डेकवर. फळ्यांच्या सांध्यांत ताग ठोकून डांबर ओततात. ते तडकलं की पाऊस आत, वारं लागत नाही, बुरशी धरते. वरून फळी ठणठणीत, चाकू टेकवला की मुठीपर्यंत आत."

"म्हणूनच कोरड्यात..."

"तिथं फळ्या आकसून फटी पडतात. पाणी चहूकडून वजन पेलतं; कोरड्यात समदा भार तळाच्या तुळईवर अन् टेकूंवर. इंग्रजांचं जुनं लढाऊ जहाज ‘व्हिक्टरी’ १९२२ पासून कोरड्या गोदीत हाये. पोट बसायला लागलं, मग १३४ टेकू लावले. तुमची ट्रिंकोमाली तरंगतीच हाये, उगं नाही."

"व्हिक्टरी ओकची! आपला साग..."

"हे मातर बरोबर." मिस्त्री एखादा मुद्दा सोडून देतात, सर कधीच नाही. "ओकातलं टॅनिन लोखंड खातं. ओल्या बाभळीत खिळा ठोका, भवती काळं पडतंच की. सागाचं तेल उलट खिळा सांभाळतं."

"लंडनच्या त्या जुन्या जहाजाला, ‘कटी सार्क’लाही सागाच्या फळ्या होत्या. २००७ला जळाली नं?" दत्ताची काडी.

"काम चालू होतं, लेका. कचरा ओढायचं मशीन शनिवार-रविवार चालूच राहिलं. डोलकाठ्या अन् बऱ्याच फळ्या आधीच काढून दुसरीकडं नेल्या होत्या, म्हणून वाचली."

सर उसळले, "लाकडातलं आम्हालाही कळतं!"

"कळतं तर! ओल्या लाकडाचं दार नको म्हणलं होतं. आता पावसाळ्यात लाथ मारून उघडता."

तेवढ्यात दत्ता म्हणाला, "आमच्या लातूरला ठेवा."

"२०१६ला प्यायचं पाणी रेल्वेनं आणलं तुम्ही!"

"मग? गोडं पाणीच वैरी म्हणताव ना? आमच्याइतकी सेफ जागा सांगा."

"अरे, कोरड्यात नको म्हणाले ते!" सर ओरडले, अन् आपण कुणाची बाजू घेतली हे कळल्यावर स्वतःच हसायला लागले.