संग्रहालय परिचर होण्यासाठी पदवी लागत नाही

'संग्रहालयात परिचर व्हायचं तर म्युझिऑलॉजीची (संग्रहालयशास्त्राची) पदवी हवी, नोंदणी फी भरा, थेट नेमणूक मिळेल' असा मेसेज सध्या फिरतोय. तो खोटा आहे, कृपया पैसे भरू नका.

म्युझिऑलॉजीची पदवी अभिरक्षकासारख्या (क्युरेटर) पदांसाठी विचारली जाते. केंद्र सरकारच्या कार्यालयांत परिचरासारखी कामं करणारे बहुउद्देशीय कर्मचारी अर्थात एमटीएस यांची भरती कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून होते. त्यासाठी दहावी पास पुरेसं आहे, परीक्षा मराठीतूनही देता येते आणि अर्जाची फी 100 रुपये. महिला व अनुसूचित जाती-जमातींना तीही माफ. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र विश्वस्त संस्था चालवते. अशा ठिकाणी थेट संस्थेकडेच चौकशी करावी.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. दालन उघडताना प्रत्येक काचपेटीचं कुलूप पाहायचं, वस्तू जागेवर आहेत ना हे यादीवरून ताडायचं, मग दिवसभर उभं राहून दगडी मूर्तीकडे जाणारे हात गोडीत थांबवायचे. घामाचे, तेलाचे हात वर्षानुवर्षं लागले की दगड काळवंडतो. लोकांशी न चिडता बोलणं ज्याला जमतं, त्याने जरूर अर्ज करावा.