अरबी येणारा प्रत्येक रशियन हेर असतो का? क्राचकोव्हस्कीवरच्या फॉरवर्डला उत्तर

तो मेसेज परवा परत आला, या वेळी शाळेच्या ग्रुपवर. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: रशियातले अरब आणि आफ्रिकेचे अभ्यासक म्हणजे सगळी केजीबीची माणसं, इग्नाती क्राचकोव्हस्की हा त्यांचा म्होरक्या, स्टॅलिनने प्राइज देऊन त्याला मोठा केला, अरब देशात पाय न ठेवता लेनिनग्राडच्या खोलीत बसून त्याने पुस्तकं लिहिली, कुराणाचं पहिलं रशियन भाषांतर सरकारी ऑर्डरवर केलं, आणि आफ्रिका तर यांना 1960 ला आठवली. खाली हात जोडलेला इमोजी आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'.

आधी जे खरं आहे ते मान्य करून टाकतो, नाहीतर कोणीतरी कॉमेंटमध्ये प्रिमाकोव्ह काढणारच. येव्हगेनी प्रिमाकोव्ह अरबी शिकलेला, 'प्रावदा'चा वार्ताहर म्हणून कैरोत राहिलेला, नंतर मॉस्कोच्या प्राच्यविद्या संस्थेचा डायरेक्टर, आणि 1991 ला थेट परदेशी हेरखात्याचा प्रमुख, वर पंतप्रधानही झाला. म्हणजे अभ्यास आणि सरकार यांची तिकडे ऊठबस होती, यात वाद नाही. पण एका प्रिमाकोव्हवरून सगळ्यांना एका माळेत ओवायचं आणि त्या माळेचा मेरुमणी म्हणून क्राचकोव्हस्कीला लावायचं, हे जरा जास्तच झालं.

आता एकेक घेऊ.

पहिलं, केजीबी. क्राचकोव्हस्की वारला 24 जानेवारी 1951 ला. केजीबी या नावाचं खातं निघालं 1954 ला. इथेच खरं तर मेसेज डिलीट करायला हरकत नाही. कोणी म्हणेल की नाव बदललं, खातं तेच होतं, ठीक आहे, मग हेही ऐका की 1922 ला त्या आधीच्या अवताराने यालाच हेरगिरीच्या संशयावरून उचलून आत टाकलं होतं. तेव्हा तो रशियाच्या विज्ञान अकॅडमीचा सभासद होऊन एक वर्षच झालेलं. हेरांचा म्होरक्या आणि तुरुंगात कोण, तर म्होरक्याच!

दुसरं, स्टॅलिन प्राइज. मिळालं, अगदी खरं. 'अरबी हस्तलिखितांच्या सहवासात' असं ज्याचं नाव मराठीत करता येईल त्या आठवणींच्या पुस्तकाला मिळालं. पुस्तक 1945 चं, प्राइज 1951 चं, आणि ते जाहीर झालं तेव्हा हा माणूस जाऊन काही आठवडे उलटले होते. मेलेल्या माणसाला प्राइज देऊन मोठं कसं करतात ते मला कोणीतरी समजावून सांगा. लेनिन पदकं जिवंतपणी मिळाली, हेही लपवत नाही. पण त्याच्यामागे जर्मनांच्या वेढ्यातलं लेनिनग्राड आहे, 1941-42 च्या त्या हिवाळ्यात लोक भुकेने मरत होते तेव्हा हा तिथेच थांबला, अकॅडमीची हस्तलिखितं आणि ग्रंथसंग्रह सांभाळत राहिला आणि 1942 च्या उन्हाळ्यात बाहेर पडला. आणि लाडका म्हणावं तर 1940 च्या दशकाच्या शेवटी 'पश्चिमेपुढे वाकणारे' विद्वान शोधून झोडपायची मोहीम निघाली, तिच्यात याच्यावरही तोंडसुख घेतलं गेलंच.

तिसरं, 'अरब देशात पाय ठेवला नाही'. हे कोणी लिहिलं असेल त्याने निदान नकाशा तरी उघडायचा. विल्ना, म्हणजे आजचं विल्नियस, तिथे 1883 चा जन्म, पण वडिलांची नोकरी ताश्कंदला गेली आणि पोरगं उझबेक दाईच्या हाताखाली वाढलं, त्यामुळे बोलायला लागलं ते उझबेकमधून. मग पीटर्सबर्ग (म्हणजेच पुढचं लेनिनग्राड) विद्यापीठ, 1905 ला पदवी, आणि 1908 ते 1910 अशी दोन वर्षं लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, इजिप्त. बैरूतच्या सेंट जोसेफ विद्यापीठात जेझुइट पाद्र्यांकडे शिकला, लेबनॉनच्या खेड्यांतून हिंडला, कैरोच्या लायब्ररीत धूळ खाल्ली. तिथेच अल-अझहरच्या संग्रहात त्याच्या हाताला आंधळा कवी अबुल अला अल-मअर्री याच्या 'रिसालत अल-मलाइका'ची प्रत लागली, देवदूतांच्या नावांचं व्याकरण लावून केलेली बेरकी थट्टा आहे ती. तिची चिकित्सक आवृत्ती निघाली 1932 ला. बावीस वर्षं! आपण एक पीडीएफ डाउनलोड करून दोन वर्षं उघडत नाही.

आणि आधुनिक अरबी साहित्य, म्हणजे त्या काळात जिवंत असलेल्या लेखकांचं लेखन, हा विद्यापीठात शिकवायचा विषय आहे हे युरोपात फार कोणाला पटत नव्हतं तेव्हा हा लेबनॉनच्या अमीन रिहानीसारख्या लेखकांशी पत्रव्यवहार करत होता. दमास्कसच्या अरबी अकॅडमीने 1923 ला त्याला सभासद करून घेतलं. खोलीत बसून पुस्तकं लिहिणाऱ्याला अरब स्वतः कशाला बोलावतील?

खोलीत बसून काय होतं त्याचंही एक उदाहरण देतो, कारण मला ते फार आवडतं. ताजिकिस्तानात झरफशान नदीच्या वर मुग नावाचा डोंगर आहे, तिथे 1932 ला एका मेंढपाळाला जुने लिहिलेले कागद सापडले, पुढच्या वर्षी मोहीम गेली आणि बरीच कागदपत्रं निघाली, बहुतेक सगळी सोग्दी, म्हणजे मध्य आशियातल्या एका जुन्या इराणी भाषेत. त्यात एक चामड्यावरचं पत्र मात्र अरबीत होतं. ते आलं क्राचकोव्हस्की आणि त्याची बायको व्हेरा यांच्याकडे, ती स्वतः अरबी शिलालेखांची जाणकार. पत्र लिहिणाऱ्याचं नाव वाचलं तर 'दीवाश्ती'सारखं काहीतरी, आणि असा माणूस कुठल्याच इतिहासात नाही. मग जुना इतिहासकार तबरी याचा अरबी इतिहास उघडला, तर तिथे अरबांविरुद्ध उठलेला एक सोग्दी सरदार आहे 'दीवाश्नी'. आता अरबी लिपीत मधल्या 'न'वर एक टिंब आणि 'त'वर दोन, बाकी अक्षराचा दात तोच. म्हणजे कुठल्यातरी नकलनवीसाने शेकडो वर्षांपूर्वी एक टिंब खाल्लं होतं आणि तेव्हापासून सगळे त्या माणसाला चुकीच्या नावाने हाक मारत होते! पत्र आठव्या शतकाच्या सुरुवातीचं निघालं, अरब सुभेदार अल-जर्राहला लिहिलेलं, त्यात समरकंदच्या आधीच्या राजाच्या, तरखूनच्या, दोन मुलांना तुमच्याकडे पाठवायची व्यवस्था करा अशी विनवणी. बाराशे वर्षांनी त्या सरदाराला त्याचं टिंब परत मिळालं. याला हेरगिरी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

चौथं, कुराण. 'पहिलं भाषांतर' हे चूक आहे, अरबीतून थेट रशियनमध्ये केलेलं गोर्दी साब्लुकोव्हचं भाषांतर कझानला 1878 मध्येच छापलं गेलं होतं, तेव्हा क्राचकोव्हस्की जन्मालाही यायचा होता. आणि 'सरकारी ऑर्डरवर' हे त्याहून चूक. 1920 च्या दशकात विद्यार्थ्यांना कुराण शिकवताना त्याने कामापुरतं भाषांतर करून ठेवलं, त्यावर टिपणं लिहिली, पण शेवटचा हात काही फिरवला नाही. छापलं गेलं 1963 ला, तो गेल्यावर बारा वर्षांनी, म्हणूनच ते जागोजागी खडबडीत आहे, आणि तरी अभ्यासक अजून तेच उघडतात. सरकारला घाईने हवं असतं तर तीस-चाळीस वर्षं कपाटात कशाला पडलं असतं?

पाचवं, आफ्रिका. इथे मेसेजवाल्याला अर्धी तारीख माहिती आहे. मॉस्कोत आफ्रिका संस्था 1959 ला निघाली आणि लुमुंबा विद्यापीठ 1960 ला, त्यामागे ख्रुश्चेव्हचं राजकारण होतं, कबूल. पण क्राचकोव्हस्की विद्यार्थी असतानाच बोरिस तुरायेव्हकडे गीझ, म्हणजे इथिओपियाची जुनी धर्मभाषा, शिकला होता आणि पुढे स्वतः ती शिकवायचा, त्याचं इथिओपियाच्या भाषाविद्येवरचं पुस्तक 1955 ला निघालं. आफ्रिकेचा अभ्यासक ओल्देरोग्गे 1930 च्या दशकात लेनिनग्राडमध्ये स्वाहिली शिकवत होता. आणि त्याच्याही मागे जायचं तर इजिप्तमधल्या तंताजवळचा शेख तंतावी 1840 ला पीटर्सबर्गला अरबी शिकवायला आला आणि 1861 ला तिथेच वारला, त्याची कबर अजून तिथल्या मुसलमान कब्रस्तानात आहे. त्याचं चरित्र शोधून काढून लिहिलं कोणी, तर परत क्राचकोव्हस्कीनेच.

आपल्याकडच्यांसाठी मध्येच एक: अरबी भूगोलग्रंथांचा जो प्रचंड इतिहास त्याने लिहिला (तोही मरणानंतर छापला गेला) त्यात अरब प्रवासी मसूदी आहे, जो हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916-17 ला, 'सैमूर'ला येऊन गेला. सैमूर म्हणजे चौल. अलिबागहून रेवदंड्याला जाताना लागतं तेच.

शेवटचं, 'म्होरक्या'. म्होरक्याच्या माणसांचं काय झालं ते बघा. त्याचा विद्यार्थी शुमोव्हस्की, अहमद इब्न माजिद या दर्यावर्दीच्या एका दुर्मिळ हस्तलिखितावर काम करणारा, 1938 ला पकडला गेला, पुढे इतिहासकार म्हणून गाजलेल्या लेव्ह गुमिल्योव्हबरोबर. युद्धाच्या शेवटी सुटला, 1948 ला प्रबंध दिला, 1949 ला परत आत. पुस्तक निघालं 1957 ला. (पुस्तकाच्या नावातच इब्न माजिदला वास्को द गामाचा वाटाड्या म्हटलंय, ते आता बऱ्याच जणांना पटत नाही, पोर्तुगीज तर गुजराती माणूस म्हणतात, पण तो वाद परत कधीतरी.)

आणि आंद्रेई कोवालेव्हस्की. दहाव्या शतकात अरब प्रवासी इब्न फदलान व्होल्गाकाठी गेला होता त्या प्रवासवर्णनाचं भाषांतर त्याने केलं, छपाईची तयारी चालू असताना त्याला अटक. 1939 ला पुस्तक बाजारात आलं, कव्हरवर संपादक म्हणून क्राचकोव्हस्कीचं नाव, भाषांतरकाराचं नाव कुठेच नाही. यात क्राचकोव्हस्कीला दोष द्यायचा का, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याने पुस्तक थांबवलं असतं तर काम कायमचं बुडालं असतं, असं मला वाटतं, पण कव्हरवर एकट्याचं नाव बघून त्याला कसं वाटलं असेल ते त्यालाच माहीत. कोवालेव्हस्की सुटला, त्याने सगळं काम पुन्हा तपासलं, वाढवलं, आणि 1956 ला खारकोव्हहून नवी आवृत्ती काढली. तिच्यावर कोवालेव्हस्की असं नाव आहे.